कडू पाणी, गोड पावडर

फळ्यापाशी उभी होते आणि ‘बाष्पीभवन’ हा शब्द काही केल्या आठवेना. २६ वर्षं विज्ञान शिकवतेय, हा शब्द किती हजार वेळा तोंडून गेला असेल कोण जाणे. हातात खडू, समोर सातवीचा वर्ग आणि डोक्यात नुसतं धुकं. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं शब्द सांगितला आणि वर, ‘मॅडम, बरं वाटत नाहीये का?’ असंही विचारलं.

तीन आठवडे तापात काढले होते, त्याला तोवर चार महिने होऊन गेले होते. ताप गेला, थकवा मात्र मुक्कामालाच राहिला. जिना चढून आलं की बसावंसं वाटायचं, वाचलेलं पान परत वाचावं लागायचं, आणि हे शब्द हरवणं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळं जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, ‘विषाणूच्या तापानंतर काहींना असं होतं. महिने लागतात, धीर धरा.’ धीर काही चिठ्ठीवर लिहून मिळत नाही. त्यामुळे घरीदारी ज्याला त्याला माझ्यासाठी औषध सुचू लागलं. भाच्यानं सुचवण्यात वेळ घालवला नाही, सरळ बाटलीच पाठवली.

‘मावशी, हे घेऊन बघ. पाच मश्रूमचा अर्क आहे. चीन-जपानमध्ये हजारो वर्षं घेतायत लोक.’

बाटलीवर पाच चित्रं. लाखेसारखी चकाकणारी रेशी, पांढऱ्या झिपऱ्यांची लायन्स मेन, अळीच्या डोक्यातून उगवलेली कॉर्डिसेप्स, भूर्जाच्या खोडावर जळक्या कोळशासारखी दिसणारी चागा आणि पट्ट्यापट्ट्यांची टर्की टेल. नवऱ्यानं चष्मा वर करून बाटली फिरवून फिरवून पाहिली आणि निकाल दिला, ‘अगं, कुत्र्याच्या छत्र्या आहेत या. थोतांड सगळं.’

मी घेतल्या. सकाळी दोन, रात्री दोन. पाच आठवड्यांत चांगलंही काही झालं नाही आणि वाईटही.

सहाव्या आठवड्यात एक कॅप्सूल ओल्या हातात विरघळली आणि आतली पावडर बोटांना लागली. सवयीनं जिभेला लावली. (मुलांना ‘प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही’ असं शिकवणारी मीच.) चव सपक, किंचित गोडसर, दाताला चिकटणारी. रेशी जहाल कडू असते एवढं मला वाचून माहीत होतं. पाचांत एक रेशी असेल तर कडवटपणाची एखादी छटा तरी हवी होती. ही चव माझ्या ओळखीची होती, पण वेगळ्या संदर्भात. पिठाची चव होती ती.

पुढचं काम सातवीच्या पुस्तकातलं. तीन वाट्या घेतल्या. एकीत चिमूटभर पीठ, एकीत नुसतं पाणी, एकीत तीन कॅप्सूलमधली पावडर. तिन्ही उकळून गार होऊ दिल्या, कारण गरम असताना आयोडीनचा रंग टिकत नाही आणि बटाट्याच्या फोडीवरचा हाच प्रयोग करताना मुलं दर वर्षी इथेच घाई करतात. मग जखमेवर लावायचं पोव्हिडोन-आयोडीन प्रत्येकीत एक एक थेंब. पाण्याची वाटी फिकट पिवळी झाली. पिठाची निळीकाळी. कॅप्सूलची वाटीही निळीकाळी, दौतीतल्या शाईसारखी. पिठाच्या वाटीशेजारी ठेवली तर कुठली कुठली हे मलाही सांगता आलं नसतं.

अळंबीच्या फळात, म्हणजे आपण जिला छत्री म्हणतो त्या भागात, पिष्टमय पदार्थ नावालाच असतो. मग हा आला कुठून? भिंग घेऊन लेबल वाचलं तेव्हा तळाशी बारीक अक्षरात उत्तर होतं, ‘धान्यावर वाढवलेलं मायसेलियम’. मायसेलियम म्हणजे बुरशीचे धागे. शिजवलेल्या धान्यात ते वाढवतात, धान्यभर पसरले की सगळा गोळा सुकवून दळतात. धागे धान्यातून वेगळे काढता येत नाहीत, त्यामुळे दळणात धान्यही येतं. किती येतं ते लेबल सांगत नाही.

मी उत्पादकाला लिहिलं. यात बीटा-ग्लुकॅन किती टक्के? उत्तर आलं, ‘आमच्या उत्पादनात ४० टक्के पॉलिसॅकराइड आहेत,’ आणि खाली प्राचीन परंपरेवर दोन परिच्छेद. हे वाचून मी खरंच हसले. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, आणि पिष्ट हेही पॉलिसॅकराइडच. ४० टक्के पॉलिसॅकराइड साध्या पिठातही सहज भरतील. बीटा-ग्लुकॅन हा अळंबीच्या पेशीभित्तिकेतला वेगळा घटक, आणि रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम करणाऱ्या म्हणून ज्या साखरेच्या लांबलचक साखळ्यांचा अभ्यास झाला आहे त्या या. मी विचारलं एक, त्यांनी उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं, आणि तेही खोटं नव्हतं!

माझ्या एका बाटलीवरून सगळ्यांना नावं ठेवायला नकोत म्हणून शोध घेतला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली सापडली. लेबलवरच्या दाव्याशी जुळणारी निघाली फक्त ५.

आता राग निवळला आणि कुतूहल जागं झालं. माझ्या थकव्याबद्दल नव्हे, अळंबीबद्दल. नवऱ्याचं ‘थोतांड’ही मनात खुपत होतं. एका रात्री ते कोलेस्टेरॉलची गोळी पाण्याबरोबर घेत होते तेव्हा विचारलं, ‘अहो, ही गोळी कुठून आली माहितेय?’ अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ६००० बुरशींचे नमुने तपासले आणि पेनिसिलियम बुरशीच्या एका जातीत पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं द्रव्य, मिळालं. १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लोव्हास्टॅटिन दुसऱ्या बुरशीतून आलं, आणि तेच रसायन धिंगरी अळंबीतही असतं. नवऱ्याची गोळी आज कारखान्यात बनते, पण तिचं कुळ बुरशीचं. अवयव रोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन बुरशीतलं. पेनिसिलिन तर बुरशीचंच. ते गोळी गिळून म्हणाले, ‘पण ही मोजून मापून दिलेली आहे.’

हे मात्र त्यांनी लाखातलं सांगितलं.

परंपरेकडे वळले तेव्हा मला वाटलं होतं, सगळं जादूटोण्यासारखं धूसर असेल. तसं नव्हतं. चीनमधल्या शेन्नोंग या दंतकथेतल्या राजाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या औषधीग्रंथात, म्हणजे जवळपास २००० वर्षांपूर्वी, ३६५ औषधांची तीन वर्गांत विभागणी आहे. रेशी, म्हणजे तिकडची लिंगझी, सगळ्यात वरच्या वर्गात आहे, रंगांवरून सहा प्रकार करून. दावे मोठेच आहेत, शरीर हलकं होतं, आयुष्य वाढतं वगैरे. पण मला महत्त्वाची वाटली ती घ्यायची पद्धत. पिढ्यान्‌पिढ्या लोक ती उकळून प्याले. चीनच्या आजच्या अधिकृत औषधसंहितेतही मात्रा दिली आहे ती काढ्यासाठी, दिवसाला ६ ते १२ ग्रॅम. सायबेरियात चागाचा चहाच करतात.

का उकळायची, याचं उत्तर पेशीभित्तिकेत आहे. अळंबीची भित्तिका कायटिनची, खेकड्याचं कवच ज्याचं असतं त्याचीच. आपल्या पोटाला ती फोडणं फारसं जमत नाही. बीटा-ग्लुकॅन या जाळ्यात अडकलेले असतात, आणि गरम पाण्यात बराच वेळ ठेवल्यावरच सुटून येतात. शतकानुशतकं चुलीपाशी बसलेल्या माणसांना कायटिन हा शब्द माहीत नव्हता, पण उकळल्याशिवाय उपयोग नाही हे माहीत होतं. कॅप्सूलवाल्यांनी परंपरा लेबलवर घेतली आणि पातेलं मात्र टाकून दिलं.

म्हणून मी पातेलं चढवायचं ठरवलं. त्याआधी, जरा उशिराच, डॉक्टरांना सगळं सांगितलं.

‘मॅडम, काय काय घेता याची यादी विचारली होती तेव्हा या कॅप्सूल का नाही सांगितल्या?’

‘त्या औषध नाहीत म्हणून.’

‘मग कशासाठी घेत होतात?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध, असं एकेक विचारून घेतलं. मला यातलं काही नव्हतं. यकृताच्या तपासण्या आधी करून घेतल्या, सहा आठवड्यांनी परत करायच्या ठरल्या. यकृत कशाला, असं वाटून मी घरी येऊन शोधलं. हाँगकाँगमधलं एक प्रकरण २००४ मध्ये नोंदवलेलं आहे. एक वयस्क बाई वर्षभर उकळलेली लिंगझी घेत होत्या, त्रास नव्हता. मग त्या पावडरीवर आल्या आणि काही आठवड्यांतच यकृताला गंभीर इजा झाली. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही, पावडरीत आणखी काय होतं हाही प्रश्न उरतोच. पण उकळण्याकडून दळण्याकडे गेलेली ती बाई माझ्या मनातून काही केल्या जाईना.

सुकवलेली अख्खी रेशी मिळवली. अळंबी म्हटल्यावर जे मऊ, लिबलिबीत डोळ्यांसमोर येतं त्याच्याशी हिचं काही नातं नाही. मूत्रपिंडाच्या आकाराची, वरून गडद तांबडी, वॉर्निश मारल्यासारखी चकचकीत, कडेला फिकट पिवळी किनार. पृष्ठभागावर झाडाच्या खोडासारखी वलयं. उलटी केली तर कल्ले नाहीत, सुईनं टोचून केल्यासारखी अगणित छिद्रं. सुरी चालेना. नवरा तोवर लांबून मजा बघत होता, शेवटी उठून हत्यारांच्या पेटीतून करवत घेऊन आला. कापताना बुचाच्या लाकडासारखा भुसा पडला. तो भुसा त्यानं कागदावर गोळा केला आणि म्हणाला, ‘हाही टाक, मोजून घेतलीयस ना?’ मला वाटतं, त्या क्षणापासून तो या प्रयोगात सामील झाला.

३ ग्रॅमपासून सुरुवात केली. एक लिटर पाणी, मंद आच, दोन तास, पाणी निम्म्याहून कमी होईपर्यंत. पहिल्या अर्ध्या तासात काहीच होत नाही. तुकडे वर तरंगत राहतात, खाली दाबले की पुन्हा वर येतात. मग पाणी हळूहळू तांबूस होतं आणि घरभर वास सुटतो, पावसात भिजलेल्या जुन्या लाकडी कपाटाचा. दोन तासांनी कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी उरतं. पहिला घोट घेतला तेव्हा जिभेच्या टोकाला काही जाणवलंच नाही. म्हटलं, फसलो पुन्हा. तेवढ्यात घशाच्या वरच्या बाजूनं कडवटपणा चढत आला आणि पाणी पिऊनही दहा मिनिटं हलला नाही. हा कडूपणा ट्रायटर्पीन या गटातल्या द्रव्यांचा. ती पाण्यापेक्षा मद्यार्कात जास्त उतरतात, म्हणून काही जण आधी मद्यार्कात मुरवून मग उकळतात आणि दोन्ही अर्क एकत्र करतात. मी पाण्यावरच थांबले.

गार झाल्यावर आयोडीनचा थेंब टाकला. फिकट तपकिरी. निळं काही नाही.

तीन महिने घेतलं, हळूहळू ६ ग्रॅमपर्यंत. यकृताचे आकडे जिथे होते तिथेच राहिले. झोप थोडी सुधारली असं वहीत लिहिलंय, पण त्याच महिन्यात परीक्षांचे पेपर तपासून संपले होते, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं? रेशीवरचे चाचण्यांचे आढावे वाचले. त्यातला २०१५ चा एक, हृदयविकाराचा धोका कमी होतो का याबद्दलचा. ५ चाचण्या, ३९८ माणसं, आणि मधुमेहींना यासाठी रेशी द्यावी असा पुरावा नाही हा निष्कर्ष. कॅन्सरबद्दलच्या आढाव्यातही तिला मुख्य उपचार म्हणावं असं काही मिळालेलं नाही, फार तर जोडीला.

मध्येच अक्कलदाढ काढायची वेळ आली. दंतवैद्यांना या वेळी मी आपण होऊन सांगितलं. प्रयोगशाळेत रेशीमुळे रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट एकमेकांना चिकटायचं प्रमाण कमी झालेलं दिसलं आहे, म्हणून त्यांनी दोन आठवडे आधी बंद करायला लावली. तशी ती बंद झाली आणि मी शिताकेकडे वळले. आणि तिथे माझं चुकलं.

शिताके खायची अळंबी, म्हणून मी निर्धास्त होते. ताजी मिळाली होती. जास्त शिजवली तर सत्त्व जाईल हे कुठून तरी डोक्यात बसलेलं. रेशी दोन तास उकळणाऱ्या बाईनं शिताके मात्र तव्यावर दोन मिनिटं टाकून, आत कच्ची असतानाच, तीन दिवस ओळीनं खाल्ली. चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करताना पाठ चुरचुरली. आरशात पाहिलं तर पाठीवर, खांद्यांवर, पोटावर लांबच लांब लाल रेघा. काही एकमेकींना छेदणाऱ्या. कुणीतरी छडीनं फोडून काढल्यासारखे वळ. नवरा घाबरला. ‘अगं, झालं काय? कुठल्या काट्यांत शिरलीस?’

त्वचारोगतज्ज्ञांनी पाठ बघितली, दोन पावलं मागे सरकून पुन्हा बघितली, आणि पहिला प्रश्न विचारला, ‘अळंबी खाल्लीत का?’

जपानमध्ये १९७७ पासून नोंदवलेला हा प्रकार आहे. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली शिताके खाल्ल्यावर काहींना एक-दोन दिवसांनी असे चाबकाचे वळ उठतात. दोष लेंटिनन या बीटा-ग्लुकॅनला दिला जातो. चांगली शिजवली की तो त्रास सहसा होत नाही. खाज कमी करायची गोळी आणि मलम मिळालं, वळ जायला अडीच आठवडे लागले, आणि तेवढे दिवस मी उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे घालून वर्गात उभी राहिले.

गंमत म्हणजे हेच लेंटिनन जपानमध्ये औषध म्हणून वापरलं गेलं. गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये शिताकेतून ते वेगळं केलं, आणि १९८५ मध्ये जठराच्या कॅन्सरमध्ये केमोथेरपीच्या जोडीला देण्यासाठी त्याला मान्यता मिळाली. पण शुद्ध करून, मोजून, शिरेतून, इंजेक्शनच्या रूपात. टर्की टेलमधून काढलेल्या पीएसके या औषधाला तिथेच १९७७ मध्ये मान्यता मिळाली होती. जठराच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीबरोबर ते दिलेल्या ८ चाचण्यांमधल्या ८००९ रुग्णांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा ज्यांना ते मिळालं त्यांचं जगण्याचं प्रमाण थोडं का होईना जास्त निघालं. ‘थोतांड’ म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. पण ही शुद्ध औषधं म्हणजे शिताकेही नव्हे आणि टर्की टेलची पावडरही नव्हे. माझ्या तव्यावरच्या शिताकेनं मला दिले ते वळ.

आता राहिली लायन्स मेन, आणि खरं तर माझ्या हरवलेल्या शब्दांसाठी सगळ्यात जास्त आशा तिच्यावरच होती. जपानमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. ५० ते ८० वयाची ३० माणसं, स्मरणशक्ती जराशी उणावलेली. निम्म्यांना १६ आठवडे दिवसाला ३ ग्रॅम लायन्स मेनची पावडर, निम्म्यांना त्यासारख्या दिसणाऱ्या नुसत्या गोळ्या. पावडरवाल्यांचे गुण वाढले, आणि बंद केल्यावर चार आठवड्यांनी खाली आले. चाचणी लहान, पण नीट केलेली.

मी ५४ वर्षांची, शब्द विसरणारी. म्हटलं, ३१ वी मी.

पण नुसतं घेऊन ‘बरं वाटतंय’ म्हणायचं नव्हतं. चार आठवड्यांचे चार टप्पे ठरवले. प्रत्येक टप्प्यात अळंबी की पीठ, हे नाणं उडवून नवऱ्यानं ठरवायचं आणि मला सांगायचं नाही. चव कळू नये म्हणून दोन्ही कॅप्सूलमध्ये. या वेळी पावडर फळाची घेतली, आयोडीनची परीक्षा पास झालेली. भाच्यानं सुचवलं, ‘मावशी, पीठ कशाला भरता, माझी ती बाटली आहे ना?’ बिचाऱ्याला स्वतःवर हसता येतं. पण ते चाललं नसतं. लायन्स मेनमध्ये चेतापेशींच्या वाढीशी संबंध जोडला गेलेली दोन प्रकारची द्रव्यं आहेत, त्यातली हेरिसेनोन फळात मिळतात आणि एरिनासिन धाग्यांत. म्हणजे मायसेलियम हे मुळात वाईट नव्हे. त्याच्याबरोबर फुकटचं धान्य विकतात, तक्रार त्याची आहे. त्या बाटलीत धागे थोडे का होईना होतेच, आणि तुलनेसाठी मला काहीच नसलेलं हवं होतं.

एका कॅप्सूलमध्ये ही भुसभुशीत पावडर जेमतेम ३७५ मिलिग्रॅम बसते. दिवसाला ८ कॅप्सूल, ११२ दिवस. हिशेब केला तर जवळपास ९००. नवरा रोज रात्री बातम्या लावून, छिद्रांच्या प्लास्टिक पाटावर रिकाम्या कॅप्सूल उभ्या करून, दारामागे भरत बसायचा. मी आत गेले की ओरडायचा, ‘येऊ नकोस, चाचणी बिघडेल!’

दर रविवारी सकाळी परीक्षा. त्यानं दहा शब्द वाचायचे, वीस मिनिटांनी मी सांगायचे. आणि एका मिनिटात ठरलेल्या अक्षरानं सुरू होणारे शब्द, जितके जमतील तितके. अक्षर दर आठवड्याला वेगळं. ‘ण’ काढला म्हणून एकदा भांडण झालं.

पहिल्या टप्प्यात मला गाढ झोप लागू लागली. डोकं हलकं वाटलं. वहीत लिहिलं, ‘नक्की अळंबी.’ दुसऱ्यात काही विशेष वाटलं नाही, लिहिलं, ‘पीठ.’ तिसऱ्यात लिहिलं, ‘अळंबी असावी.’ चौथ्यात पुन्हा ‘अळंबी’, कारण गुण सगळ्यात चांगले येत होते.

सोळाव्या रविवारी नवऱ्यानं पाकीट उघडलं. पीठ, अळंबी, अळंबी, पीठ. चारात माझा एकच अंदाज बरोबर. दहा शब्दांपैकी पहिल्या टप्प्यात मला सरासरी ५ आठवत होते, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ७, चौथ्यात ८. सरळ चढती रेघ, मध्ये अळंबी आली काय आणि गेली काय, तिला पत्ता नाही. मी महिन्यागणिक बरी होत होते, डॉक्टर म्हणाले होते तशी, आणि परीक्षेचा सरावही होत होता. एकट्या माणसाची चाचणी, टप्पे छोटे, आधीच्या टप्प्याचा परिणाम पुढच्यात मिसळला असेल, हे सगळे आक्षेप मला मान्य आहेत. माझ्या विद्यार्थ्यानं अशी वही आणली असती तर मी हेच लाल शाईनं लिहिलं असतं. तरी पहिल्या टप्प्यातली ती गाढ झोप मी विसरू शकत नाही. पिठाची झोप होती ती, आणि खरी होती.

वर्गात आता शब्द अडत नाहीत. क्वचित अडला तर मी थांबते, मुलं थांबतात, येतो.

रेशीचे काही तुकडे उरले होते. ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये जो ५००० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याच्याजवळ चामड्याच्या पट्टीत ओवलेले भूर्जावरच्या अळंबीचे दोन तुकडे होते. त्याच्या आतड्यात कृमींची अंडी मिळाली, म्हणून ते जंतावरचं औषध असावं असा एक तर्क आहे. हे वाचून नवऱ्यानं आमचे उरलेले तुकडे भोकं पाडून दोऱ्यात ओवले आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगले. कधी रात्री झोप येत नसली की एक तुकडा काढून पातेल्यात टाकतो. बरं वाटतं. कशानं वाटतं, याची चाचणी घ्यायला या वेळी दोघंही तयार नाही.

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. ‘मावशी, या वेळी नुसता चागा आणलाय. पावडर आहे, चमच्यानं खायची.’

जपानमधल्या एका ७२ वर्षांच्या बाईंनी यकृताच्या कॅन्सरसाठी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागा पावडर खाल्ली. त्यातल्या ऑक्सलेटचे स्फटिक साचून मूत्रपिंडं निकामी झाली. २०१४ मध्ये नोंदवलेलं प्रकरण. मी त्याला हे सांगितलं, मूत्रपिंडासाठी बघतात ते क्रिएटिनिन कधी तपासलं होतंस तेही विचारलं. मग म्हटलं, ‘बाटली हातात आहे ना? किती वेळ उकळायचा, ते लिहिलंय का कुठे?’

तो बराच वेळ लेबल फिरवत राहिला. बाटली टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग भिंग शोधायला ड्रॉवर उघडल्याचा.